गोळी लागू पडल्यावर

रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात सकाळच्या एस.टी.ने वाशीमला कोण गेलं, हे दुपारपर्यंत निम्म्या गावाला माहीत होतं. कशाला गेलं, एवढंच विचारायचं राहतं, आणि त्याची उत्तरं ठरलेली आहेत: बँकेचं काम होतं, दाखला काढायचा होता, बीपीची गोळी संपली होती. ज्याचं एचआयव्हीचं औषध चालू आहे तो यातलंच एखादं उत्तर उचलतो. केनवडमध्ये असे किती लोक आहेत, ते या लेखात नाही. गाव लहान असलं की नुसता आकडाही बोट दाखवतो. प्रश्न मात्र इथून, गावच्या फाट्यावरून पाहण्याजोगा आहे, कारण त्यावरचा बराचसा अभ्यास शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत बसून झालेला आहे.

औषध वेळेवर घेतलं तर माणूस जगतो, याबद्दल आता वाद नाही. तो कसा जगतो, ते कशाने मोजायचं आणि ते सुधारण्याची जबाबदारी कुणाची, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं डॉक्टर, संशोधक, सरकारी कार्यक्रम चालवणारे आणि स्वतः बाधित माणसं आपापल्या जागेवरून बोलत आहेत. ते बोलणं आज कुठवर आलं आहे, ते पाहू.

आठ केंद्रांपासून जिल्ह्यापर्यंत

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली; त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्ण सापडला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'नाको', उभी राहिली आणि त्याच साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, 'नारी'. राज्याची एड्स नियंत्रण संस्था १९९८ ची. वाशीम जिल्हाही त्याच वर्षी, १ जुलैला, अकोल्यातून वेगळा झाला. त्या काळात सगळा भर बचावावर होता. भिंतींवर इशारे रंगवले जात आणि पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला देण्यासारखं सरकारी दवाखान्यात फारसं काही नसे.

तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत १९९६ पासून जगात रुळली, पण तिचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तोच संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभरातल्या किमतींचा पाया हलला. तरीही तेव्हाच्या भावाने ते सोळा हजार रुपये होत होते. वऱ्हाडातल्या मजुराला तेही आवाक्याबाहेरचे. औषध खऱ्या अर्थाने पोचू लागलं ते १ एप्रिल २००४ पासून, सरकारने आठ रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारा औषधोपचार, सुरू केल्यावर. मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रं आहेत आणि वाशीमच्या माणसाला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

उपचार कधी सुरू करायचा, हेही बदलत गेलं. सुरुवातीला रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी दोनशेच्या खाली उतरल्याशिवाय गोळी मिळत नसे. म्हणजे माणूस पुरता खचल्यावर. ती रेषा पुढे ३५० वर आली, मग ५०० वर, आणि २०१७ पासून रेषाच राहिली नाही. निदान झालं की औषध. आजच्या चर्चेत दोन पिढ्या एकत्र बोलतात, हे त्यामुळे लक्षात ठेवावं लागतं. एक खाटेवरून उठून आलेली, दुसरी कधी आजारीच न पडलेली. 'तब्येत कशी आहे' या एकाच प्रश्नाचं दोघांचं उत्तर सारखं आलं तरी त्यामागचं आयुष्य सारखं नसतं.

औषधांच्या बदलाकडे मात्र जगण्याच्या बाजूने कुणी फारसं पाहिलेलं नाही, असं मला वाटतं. मोफत कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षांत स्टॅव्हुडीन हे औषध सर्रास दिलं जाई. ते जीव वाचवी, पण काही वर्षांनी गाल बसत, हातपाय काटकुळे होत, पोट सुटे, तळपायांना मुंग्या येत. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना असा चेहरा लांबून ओळखता येई. म्हणजे रोग दडवून ठेवायचं काम गोळीने केलं आणि तो उघडा पाडायचं कामही तिनेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते औषध हळूहळू थांबवायला सांगितलं. त्यानंतरच्या एकाच गोळीत एफाव्हिरेंझ असे. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण घेतल्यावर चक्कर येई आणि नको नको ती स्वप्नं पडत. २०२० च्या सुमारास डोल्युटेग्रॅव्हिर असलेली गोळी आली. दिवसातून एकदा, दिवसाच्या कोणत्याही वेळी, त्रास कमी. काहींचं वजन मात्र वाढतं. सरकारी कागदांत या सगळ्याची नोंद 'रेजिमेन बदल' अशी आहे. पहाटे उठून कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतावर जाणाऱ्या बाईसाठी रात्रीची चक्कर थांबणं ही फार मोठी गोष्ट होती, पण तिच्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

आणखी एक वळण २०११ चं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या 'एचपीटीएन ०५२' या अभ्यासात लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. या अभ्यासात पुण्याचं केंद्रही होतं. पुढे युरोपातल्या अभ्यासांनी गोष्ट पक्की केली: रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. गोळी आता फक्त स्वतःच्या जिवाची राहिली नव्हती. ज्याला आयुष्यभर 'तुझ्यापासून धोका आहे' असं सांगितलं गेलं, त्याला 'तुझ्यापासून धोका नाही' हे सांगता येऊ लागलं. हे वाक्य गावपातळीवर किती जणांच्या कानांवर गेलं, हा वेगळा मुद्दा. त्याकडे पुढे वळू.

मोजायचं कशाने

'जीवनमान' म्हटलं की मराठीत राहणीमान डोळ्यांपुढे येतं, 'जगण्याची गुणवत्ता' म्हटलं की भाषणाचा वास येतो. संशोधकांना मात्र मोजण्याजोगी व्याख्या हवी होती. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत 'एमओएस-एचआयव्ही' ही ३५ प्रश्नांची यादी तयार झाली. दुखणं, थकवा, काम करण्याची ताकद, मन लागणं असे तिचे विषय. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सर्वसाधारण प्रश्नावलीवरून एचआयव्हीसाठी खास प्रश्नावली बांधली. त्या कामात भारतातले लोकही सहभागी होते. तिची लांब आवृत्ती १२० प्रश्नांची आणि आटोपशीर ३१ ची. तिचे सहा भाग आहेत: शरीर, मन, स्वावलंबन, नाती, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा. या शेवटच्या भागात मरणाची भीती आणि लोक दोष देतील ही भीतीही विचारली जाते.

पुण्यात 'नारी'च्या संशोधकांनी एमओएसची यादी इथल्या रुग्णांसाठी बदलून, तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध केली. हे काम महत्त्वाचं, कारण परदेशी प्रश्न इथे जसाच्या तसा विचारला तर भलतंच हाती लागतं. 'जिने चढताना त्रास होतो का' हे ज्याच्या घराला जिना नाही त्याला विचारून काय मिळणार? पाण्याचा हंडा, शेतातली वाकून करायची कामं, पायी चालायचं अंतर, असं काहीतरी तिथे घालावं लागतं.

त्याहून अवघड आहे ती बोलण्याची रीत. 'कसं चाललंय' याला आपल्याकडे 'बरं चाललंय' म्हणायचं असतं. ते उत्तर नव्हे, शिष्टाचार आहे. काउन्सेलर मॅडमनी समोर कागद धरून 'जीवनाचा आनंद किती घेता: अजिबात नाही, थोडा, बऱ्यापैकी, खूप' असं विचारलं की विधवा बाई 'बऱ्यापैकी' म्हणते आणि तो आकडा तीन होऊन तक्त्यात जाऊन बसतो. लैंगिक समाधानाच्या प्रश्नावर तर बहुधा दोघींपैकी कुणी वर बघत नसेल. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस आपल्या जगण्याला भरघोस गुण देतो, हेही संशोधकांना ठाऊक आहे. त्याची मोजपट्टीच बदललेली असते. म्हणून काही संशोधक नुसत्या गुणांऐवजी लांब मुलाखतींवर भर देतात, तर काही म्हणतात की मुलाखतीवरून धोरण आखता येत नाही, त्याला आकडाच लागतो. दोन्ही म्हणणी खरी असल्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

तरी मोजणीतून जे पुन्हा पुन्हा पुढे आलं ते असं: उपचार सुरू झाल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत शरीराचे गुण झपाट्याने चढतात, नाती, परिस्थिती आणि मन यांचे गुण मागे राहतात. नैराश्य, लाजेचं ओझं आणि हाताला काम नसणं यांचा कमी गुणांशी संबंध जवळपास प्रत्येक अभ्यासात दिसतो. पुरुषांपेक्षा बायकांचं जगणं अधिक कठीण का, यावर मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही ठिकाणी बायकांचे गुण कमी, काही ठिकाणी फरकच नाही.

वेगवेगळी म्हणणी

उपचार कार्यक्रम चालवणाऱ्यांचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यांच्यावर टीका सोपी असते आणि ती बरेचदा अन्यायाची होते. ते सांगतात, आमचं पहिलं काम माणूस जिवंत ठेवणं. देशात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगताहेत, सर्वांत जास्त महाराष्ट्रात, जवळपास चार लाख. २०२५ पर्यंत ९५-९५-९५ गाठायचं होतं: शंभरांतल्या पंच्याण्णवांना आपली स्थिती माहीत, त्यांतल्या पंच्याण्णवांना औषध चालू, त्यांतल्या पंच्याण्णवांचा विषाणू दबलेला. 'नाको'ने २०२३-२४ साठी दिलेले आकडे होते ८१, ८८ आणि ९७. म्हणजे औषध घेणाऱ्यांत गोळी उत्तम लागू पडते आहे. खड्डा आहे तो निदानात आणि केंद्रापर्यंत पोचण्यात. अशा वेळी केंद्रावरच्या एकाच काउन्सेलरला, जिच्या दारात रांग लागली आहे, ३१ प्रश्नांचा कागद भरायला लावणं हे तिच्याही आणि रुग्णाच्याही वेळेची नासाडी आहे. विषाणू दबला की कामाला जाता येतं, कामाला गेलं की पैसा येतो, पैसा आला की जगणं सुधारतं. गुणवत्ता मागून येतेच, असा हा विचार.

दुसऱ्या बाजूचे लोक २०१६ चा हवाला देतात. संशोधक जेफ्री लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी सुचवलं की तेव्हाच्या ९०-९०-९० या लक्ष्यांना चौथं ९० जोडावं: विषाणू दबलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांचं जगणं चांगलं असावं. त्यांचा मुद्दा कोरड्या तत्त्वाचा नव्हता. आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांनी वाढलं तर त्यातली बरीचशी वर्षं मधुमेह, हृदयविकार, नैराश्य आणि एकटेपणा यांसोबत जायची. ती कुणाच्याच लक्ष्यात नाहीत. आणि जे लक्ष्यात नाही त्याला निधी मिळत नाही. भारतात हे चौथं लक्ष्य ९५ च्या तिहेरी रकान्यांशेजारी जाऊन बसलेलं नाही.

तिसरं म्हणणं बाधितांच्या संघटनांचं. १९९४ च्या पॅरिस जाहीरनाम्याने निर्णयप्रक्रियेत बाधितांना जागा द्यायचं कबूल केलं, त्यामागची प्रेरणा त्यांची. महाराष्ट्रातही पॉझिटिव्ह व्यक्तींची जाळी आहेत, आणि सांगलीच्या 'संग्राम'सारख्या संस्थांनी १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना आपलं आपण बोलायला उभं केलं. या लोकांना मोजण्याबद्दलच थोडी शंका आहे. आधी सीडी-फोर मोजला, मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, आता आनंद मोजणार. म्हणजे आम्ही सतत परीक्षेला बसलेलो. गुण कमी पडले तर 'तुम्ही सकारात्मक राहत नाही' असं समुपदेशन मिळणार, पण औषधाचा साठा संपला तर त्याचे गुण कुणाला? २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही औषधांच्या टंचाईवरून दिल्लीत 'नाको'च्या कार्यालयासमोर रुग्ण कित्येक दिवस बसून होते. एरवी महिन्याच्या गोळ्या मिळणाऱ्या माणसाला आठवड्याच्या देऊन परत बोलावलं जातं तेव्हा त्याची किती मजुरी बुडते, हा त्यांच्या लेखी जीवनमानाचा खरा प्रश्न.

चौथाही एक सूर आहे, हळू पण चिवट. कोरडवाहू जमीन, पावसावरचं सोयाबीन आणि तूर, कारखानदारी जवळजवळ नाही, दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबं. अशा जिल्ह्यात एचआयव्ही बाधिताच्या आणि त्याच्या शेजाऱ्याच्या जगण्यात फरक तो किती? मग एका आजाराला वेगळं काढून त्याचं जीवनमान का मोजायचं? याला उत्तर देणारे म्हणतात, शेजाऱ्याला निदान आपलं दुखणं उघड सांगता येतं.

गुप्तता आणि सोय

दुखणं उघड सांगता येतं की नाही, याच जागी केनवडचा माणूस आणि पुण्याचा माणूस वेगळे होतात. शहरात केंद्राच्या दारातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत गर्दी आपल्याला पोटात घेते. तालुक्याच्या गावी असं होत नाही. रुग्णालयात आपल्याच गावची कुणी बाळंतीण असते, तिच्यासोबत तिची सासू असते, आणि सासू पाहते.

कार्यक्रमाने सोयीसाठी औषध जवळ आणायचा प्रयत्न केला. तब्येत स्थिर झालेल्या रुग्णांना तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या मिळू शकतात. भाडं वाचतं, दिवस वाचतो. तरीही काही जण जवळचं केंद्र सोडून मुद्दाम दूरच्या केंद्रात, अगदी शेजारच्या जिल्ह्यातही नाव घालतात, हा ठिकठिकाणचा अनुभव आहे. प्रश्नावलीत 'केंद्र घरापासून किती लांब' हे अंतर गैरसोय म्हणून मोजलं जातं. या लोकांसाठी तेच अंतर संरक्षण असतं. गुप्ततेसाठी माणूस किती किलोमीटरचं भाडं भरतो, असा हिशोब कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. तो मांडला तर लाजेचं ओझं रुपयांत दिसेल.

सरकारी मदतीचंही तसंच. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि तिच्या लाभार्थ्यांत एचआयव्ही बाधितांचा समावेश आहे. बाधित मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एस.टी.च्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलतही आहे. पण सवलत घ्यायची तर कार्ड दाखवावं लागतं, आणि कंडक्टर बहुधा ओळखीचा असतो. निराधारचा अर्ज तलाठ्यापासून तहसीलपर्यंत चार टेबलांवरून फिरतो. काही जण यादीतल्या दुसऱ्या निकषावर, विधवा म्हणून, अर्ज करतात. मदत तीच आणि कागदावर आजाराचं नाव नाही. ज्या पुरुषाला असा दुसरा निकष नाही, तो कित्येकदा अर्जच करत नाही. योजना आखणाऱ्यांचा यात दोष काढणं अवघड आहे: पात्रता तपासायची तर पुरावा लागणारच.

कायद्याने दिलेलं संरक्षण पाहायचं तर सुरुवात मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालापासून करावी लागते. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला एचआयव्हीमुळे कामावर घ्यायचं नाकारलं होतं. तो काम करायला सक्षम असेल तर एवढ्या कारणावरून नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्या खटल्यात त्याचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं होती. पुढे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभावाला बंदी, संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय स्थिती उघड करायची नाही, खटल्यात नाव झाकण्याची मुभा, आणि तक्रारीसाठी राज्याचा लोकपाल. शंभर किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेत वीस माणसांच्या, तक्रार अधिकारी नेमायचा. कायदा चांगला आहे, असं बहुतेक सगळेच मानतात. पण शेतमालक, किराणा दुकानदार, आणि नणंदेच्या लग्नात वाढायला न बोलावणारी सासरची मंडळी, यांपैकी कुणाकडेच शंभर माणसांची आस्थापना नाही. तिथे होणारा भेदभाव शब्दांत येतच नाही. चहाचा कप तेवढा वेगळा धुतला जातो.

बायका, आणि मोठी झालेली मुलं

ग्रामीण महाराष्ट्रात पुष्कळ स्त्रियांना हा आजार नवऱ्याकडून आला आणि पुष्कळींना तो गरोदरपणातल्या चाचणीत कळला. ज्याचं आधी निदान झालं त्याने आणला, असा हिशोब घरात मांडला जातो. त्यामुळे जिची तपासणी आधी झाली तीच दोषी ठरते. नवरा गेल्यावर सासरच्या जमिनीतला वाटा मागायचा की गुपचूप माहेरी जायचं, हा तिच्या जीवनमानाचा निर्णायक प्रश्न. तो कुठल्याही आरोग्य प्रश्नावलीत नाही. बायकांबद्दलचे निष्कर्ष एकसारखे का येत नाहीत, याचं एक कारण इथे असावं असं वाटतं: जिच्या नावावर दोन एकर आहेत आणि जिच्या नावावर काही नाही, त्या दोघी तक्त्यात 'विधवा' या एकाच ओळीत बसतात.

लग्नाचा प्रश्नही सरळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचं मत दिलं होतं. २००२ मध्ये ते मागे घेतलं. त्यानंतर महाराष्ट्रात बाधितांचे वधू-वर मेळावे सुरू झाले. त्यांच्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. काहींना ती सोबतीची आणि सन्मानाची वाट वाटते. काहींना वाटतं की विषाणू दबला की बाधित नसलेल्या माणसाशीही सुरक्षित संसार होऊ शकतो, तर मग 'आपल्यातच' लग्न लावणं ही नवी जातच झाली. दुसरा मुद्दा विज्ञानाच्या बाजूने बिनतोड आहे. पण लग्न ठरवणारे मामा-काका वैद्यकीय नियतकालिकं वाचत नाहीत, हेही खरं.

मग ती मुलं. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचे चांगले उपाय पोचण्याआधी जन्मलेली मुलं आता वीस-बावीसची आहेत. पंढरपूरची 'पालवी', लातूरजवळ हासेगावचं 'सेवालय', बीडची 'इन्फंट इंडिया' या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा मुलांना प्रेमाने शेवटपर्यंत सांभाळणं हेही त्यांच्या कामात होतं. गोळीने ते गणित उलटवलं. आता संस्थांपुढे नोकरी, लग्न आणि अठरा वर्षांनंतर राहायचं कुठे, हे प्रश्न आहेत. या तरुणांच्या जीवनमानावर मराठीत लिहिलेलं फारच थोडं आहे. लहानपणापासून रोज गोळी घेतलेल्या माणसाला एका टप्प्यावर तिचा उबग येतो, आणि नेमक्या त्याच वयात व्हायरल लोड पुन्हा वर जातो, हे डॉक्टर पाहतात. त्याला 'अनियमित रुग्ण' म्हणायचं की दमलेला मुलगा, यावर पुढची सगळी वागणूक ठरते.

पन्नाशीनंतर

उपचार यशस्वी झाल्याची दुसरी खूण म्हणजे रांगेतले पांढरे केस. विषाणू दबलेला असला तरी शरीरातली दीर्घ जळजळ पूर्ण थांबत नाही, आणि हृदयविकाराचा धोका समवयस्कांपेक्षा जास्त राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिप्रीव्ह' या मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातलेही रुग्ण होते, कोलेस्टेरॉलच्या एका गोळीने अशा लोकांमधले हृदयाचे गंभीर आजार सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट असतो. म्हणजे आता एका गोळीच्या जोडीला साखर, रक्तदाब, तपासण्या असं सगळंच आलं. एआरटी केंद्र स्वतंत्र ठेवल्यामुळे ते चांगलं चाललं, असं एक मत. वेगळेपणामुळेच डाग राहिला, तेव्हा ते साध्या बाह्यरुग्ण विभागात मिसळावं, असं दुसरं. मिसळलं तर गुप्तता वाढेल की जाईल, यावर खुद्द रुग्णांतही एकमत नाही. एआरटीवाल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नावानिशी विचारपूस केलेली असते, आणि ती सोडून मोठ्या रांगेत उभं राहायला अनेक जण तयार नसतात.

कुठे अडलं आहे

'विषाणू सापडत नाही म्हणजे लागणही होत नाही' हे सांगायचं कसं, हा एक मोठा अनिर्णित मुद्दा. तो मोकळेपणाने सांगावा, त्याने अपराधीपणा उतरेल, असं एक म्हणणं. व्हायरल लोडची तपासणी वर्षातून एकदाच होते, मधल्या काळात गोळ्या चुकल्या तर काय, असं दुसरं. शिवाय हे सांगितलं की बाधितांची 'चांगले' आणि 'न दबलेले' अशी वाटणी होते, अशीही भीती आहे. राज्यातल्या केंद्रांवर या संदेशाला किती ठळक जागा मिळते, हे काउन्सेलरवर अवलंबून राहिलेलं दिसतं.

बाहेर कामाला जाणाऱ्यांचं घोडंही अडलेलं आहे. औषध दुसऱ्या केंद्रातून घेता येतं, पण ट्रान्सफरच्या कागदाचा घोळ नको म्हणून मजूर गावाकडूनच गोळ्या मागवतो, किंवा त्यांत खंड पडतो. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत कोविडच्या काळात पसरली आणि ती टिकावी असं जवळपास सगळ्यांना वाटतं. साठा पुरेसा नसला की तीच आधी आखडते.

आणि नवं म्हणजे इंजेक्शन. दोन औषधांची जोडी दर दोन महिन्यांनी टोचायची, रोजची गोळी बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जुलैत विषाणू दबलेल्यांसाठी तिला पर्याय म्हणून मान्यता दिली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती आलेली नाही, किंमत आणि थंड साठवण हे दोन अडसर आहेत. पण आली तर केनवडच्या माणसाचा हिशोब असा असेल: घरात डबी नाही, लेबल फाडायला नको, गोळ्यांचा आवाज होऊ नये म्हणून डबीत कापूस भरायला नको. मात्र तीन महिन्यांच्या गोळ्या मिळत असतील तर वाशीमच्या वर्षाला चार फेऱ्या पुरतात. इंजेक्शनाला सहा लागतील, आणि सकाळच्या एस.टी.त बसताना कशाला निघाला म्हणून विचारणारे तेच असतील.